वंगण संपलेलं नाही

"साहेब, गुडघा वाजते जी. वंगण संपलं काय?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही दवाखान्यात हा प्रश्न नवा नाही. "दुखते काय?" असं उलट विचारलं तर बरेचदा उत्तर येतं, "दुखत नाही जी, नुसता वाजते." म्हणजे त्रास नाही, पण भीती आहे. ही भीती वेडगळ नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलबंडी हाकली त्यांना ठाऊक असतं की आख कोरडा पडला की चाक कुरकुरतं आणि वंगण घातलं की गप्प होतं. तोच हिशेब गुडघ्याला लावला जातो. हाड हाडावर घासतंय, मधलं तेल आटलंय, आता चाक निखळणार. ही कल्पना इतकी पक्की बसली आहे की अनेक डॉक्टरही समजावून सांगण्याच्या कटकटीपेक्षा "हो, ग्रीस कमी झालंय" म्हणून मोकळे होतात. तेलं, चूर्णं, गोळ्या आणि गुडघ्यात टोचायची महागडी इंजेक्शनं यांचा मोठा बाजार याच एका कल्पनेवर उभा आहे.

मला वाटतं, ही कल्पना चुकीची तर आहेच, पण या जिल्ह्यात ती घातकही आहे. सांध्याचा आवाज हा एकटाच असेल तर तो जवळजवळ काहीच सांगत नाही. उलट, सांधे खरोखर निकामी करणारी जी कारणं यवतमाळच्या मातीत, पाण्यात आणि मजुरीत आहेत, ती बहुतेक आवाज न करता येतात. आपण कान लावून बसलोय एकीकडे आणि नुकसान चाललंय दुसरीकडे.

आधी आवाजाचंच बघू. बोटाचा सांधा ओढला की 'कट्' होतं, त्याचा शोध लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या रोस्टन आणि व्हीलर हेन्स या दोघांनी १९४७ साली प्रसिद्ध केला. माणसांच्या मधल्या बोटावर मोजून ताण दिला आणि एकीकडे क्ष-किरण छायाचित्रं घेतली. ताण वाढत गेला की एका क्षणी सांध्याची दोन टोकं झटक्यात दूर होतात, आवाज होतो आणि मधे एक स्वच्छ पोकळी दिसते. नंतर साधारण वीस मिनिटं तोच सांधा कितीही ओढला तरी वाजत नाही. १९७१ साली लीड्सच्या अन्सवर्थ, डाउसन आणि राइट यांनी सांगितलं की सांध्यातल्या द्रवात विरघळलेला वायू, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, दाब एकदम उतरल्यावर बुडबुड्याच्या रूपात बाहेर पडतो, आणि आवाज येतो तो हा बुडबुडा कोसळल्यामुळे. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात ग्रेगरी कॉचुक यांनी बोट एमआरआय यंत्रात घालून ओढलं आणि सारा प्रकार चित्रित केला. ३१० मिलीसेकंदांच्या आत सगळं आटोपतं. त्यांना दिसलं ते उलटंच होतं, आवाज पोकळी तयार होताना होतो आणि आवाजानंतरही ती तिथेच असते. २०१८ साली पॅरिसजवळच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये चंद्रन सुजा आणि अब्दुल बराकत यांनी गणित मांडून म्हटलं, बुडबुडा अर्धवट कोसळला तरी एवढा आवाज होऊ शकतो. भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाही.

पण या भांडणात सगळ्यांना मान्य असलेली एक गोष्ट आहे, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची तीच आहे. बुडबुडा द्रवात होतो. सांध्यात द्रव नसता तर हा आवाजच झाला नसता. ज्या 'कट्'ला घाबरून माणूस वंगण संपलं म्हणतो, तो वंगण जागेवर असल्याचा पुरावा आहे. यात एक गंमतही आहे. १९७१च्या त्या तिघांपैकी डंकन डाउसन हे घर्षण आणि वंगण यांच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचा दर्जा मिळवून देणाऱ्या पहिल्या फळीतले अभियंते. यंत्राच्या वंगणाबद्दल त्यांच्याइतकं जाणणारी माणसं जगात मोजकीच होती. बोटांच्या आवाजाकडे ते वळले आणि त्यांना तिथे कोरडेपणा सापडला नाही.

बंडीच्या आखाशी गुडघ्याची तुलना दुसऱ्या जागीही फसते. आख जितका फिरेल तितका झिजतो आणि उभा राहिला तर टिकतो. सांध्याचं उलट आहे. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि चालताना, बसता-उठताना तिच्यावर दाब येतो आणि सुटतो, त्या दाबावर हा द्रव आत-बाहेर होतो. द्रव तयार करणारं अस्तरही जिवंत आहे, बाहेरून ओतून देण्याची ती टाकी नव्हे. म्हणजे गुडघा चालवल्यानेच नीट राहतो. पण आखाची कल्पना डोक्यात असली की सल्ला निघतो तो 'वापरू नका' असा. पायऱ्या चढू नका, चालू नका, खाली बसू नका. इंग्लंडमध्ये क्लेअर रॉबर्टसन यांनी २०१७ साली गुडघ्याच्या आवाजाची काळजी करणाऱ्या रुग्णांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा तिथेही हेच आढळलं. लोक आवाजाला झिजेची खूण समजत होते, म्हातारपण जवळ आलं असं मानत होते आणि आवाज होईल या भीतीने हालचाल टाळत होते. हालचाल टाळली की मांडीचे स्नायू सुटतात, आणि मांडी दुबळी झाली की गुडघा खरोखर दुखायला लागतो. खोटी भीती अशी हळूहळू स्वतःला खरी करून घेते.

आवाजाला अर्थ असतोच, ही आपली सवय वैद्यकाच्या फार आधीची आहे. लेकराची दृष्ट काढताना आजी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवते आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडते. जितकी बोटं कडाकडा मोडली तितकी दृष्ट मोठी. लगेच पुन्हा मोडून पाहावीत तर एकही वाजत नाही, म्हणजे दृष्ट उतरली! वीस मिनिटांच्या त्या नियमाचा इतका सुंदर उपयोग लंडनच्या संशोधकांनाही सुचला नसता. याच बोटांनी शेजारणीला शापही दिला जातो. मला या रिवाजांची चेष्टा करायची नाही, त्यांनी कुणाचं नुकसान होत नाही. पण शरीरातून आवाज आला की तो काहीतरी 'सांगतोय' असं मानण्याची ही ओढ गुडघ्यापर्यंत येते, तेव्हा तिची किंमत मोजावी लागते.

बोटं मोडल्याने संधिवात होतो, हे तर जगभरच्या आयांनी मुलांना ऐकवलेलं आहे. कॅलिफोर्नियातले डोनाल्ड अंगर यांना आई, मावश्या आणि पुढे सासूबाई असं सगळ्यांनी सांगितलं होतं. त्यांनी मनावर घेतलं आणि पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली, उजवा हात तसाच ठेवला. १९९८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष कळवला, दोन्ही हातांत फरक नाही. २००९ साली त्यांना इग नोबेल हा गमतीशीर संशोधनासाठीचा पुरस्कार मिळाला. एका माणसाचा प्रयोग म्हणून हसून सोडता येईल, पण २०११ साली अमेरिकेत २१५ जणांच्या हातांचे एक्स-रे पाहिले गेले, त्यातही बोटं मोडण्याचा आणि हाताच्या संधिवाताचा संबंध दिसला नाही. १९९० साली डेट्रॉइटच्या तीनशे लोकांच्या पाहणीत मात्र बोटं मोडणाऱ्यांच्या हातांना सूज आणि पकड थोडी ढिली असं आढळलं होतं. संधिवात तिथेही नव्हता. म्हणून मी हे निखालस निर्दोष आहे असं म्हणणार नाही. पण ज्यांना वर्गात बोटं मोडल्याबद्दल छडी बसली, त्यांचे गुरुजी आरोग्याच्या दृष्टीने तरी चुकले होते.

गुडघा मात्र बोटासारखा वाजत नाही. तिथे तीन-चार निरनिराळे आवाज असतात आणि आपण त्यांना एकच नाव देतो. बसून उठताना कधीतरी एकच 'कट्' होतो आणि मग बराच वेळ काही नाही, तो बुडबुड्याचा. पायरीगणिक 'टक टक' होतं ते बरेचदा एखादी शीर हाडाच्या उंचवट्यावरून सरकून जाते त्याचं. तळहात गुडघ्यावर ठेवून पाय वाकवला की हाताला जी खरखर जाणवते ती वाटी आणि मांडीच्या हाडामधली, आणि लोक सर्वांत जास्त घाबरतात ती हीच. १९८७ साली एका अभ्यासात काहीही तक्रार नसलेल्या गुडघ्यांवर कंपनं टिपणारी यंत्रं लावली गेली, तेव्हा वाटीची ही खरखर जवळजवळ प्रत्येक गुडघ्यात मिळाली. म्हणजे न वाजणारा गुडघा शोधायला गेलं तरी तो सहजी मिळायचा नाही.

इथे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा टाळणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. २०१८ साली ह्यूस्टनच्या ग्रेस लो आणि सहकाऱ्यांनी ३,४९५ अमेरिकन स्त्री-पुरुषांचा चार वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. सुरुवातीला गुडघ्याचा दुखरा संधिवात यांपैकी कुणालाच नव्हता. ज्यांनी 'नेहमी वाजतो' असं सांगितलं त्यांना पुढे तो होण्याची शक्यता 'कधीच वाजत नाही' म्हणणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाली. हे आकडे खोडून काढता येत नाहीत, आणि काढायची गरजही नाही. ही माणसं पंचेचाळिशीच्या पुढची होती, आणि पुढे ज्यांना त्रास झाला त्यांतले बहुतेक असे होते की ज्यांच्या एक्स-रेत बदल आधीच दिसत होते, फक्त दुखणं सुरू झालं नव्हतं. तेव्हा पन्नाशीनंतर, वजन जास्त असताना, गुडघा सतत खरखरत असेल तर ती एक कमकुवत सूचना आहे हे मान्य. पण सूचना कशाची? मांडी बळकट करायची, वजन उतरवायचं, चालत राहायचं. वंगण विकत घ्या, असं ती कुठेही सांगत नाही.

विकत मिळणाऱ्या वंगणाबद्दल तर आता फारसा वाद उरलेला नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची अमेरिकन सरकारच्या खर्चाने १,५८३ रुग्णांवर चाचणी झाली आणि २००६ साली निष्कर्ष आला की एकूण रुग्णांत त्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. गुडघ्यात हायलुरॉनिक आम्ल टोचण्याच्या इंजेक्शनांवरच्या साऱ्या चाचण्या एकत्र करून 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेला निष्कर्ष असा, की दुखण्यात पडणारा फरक रुग्णाला जाणवेल एवढा नसतो. त्याच वर्षी ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या मार्गदर्शक संस्थेने ती देऊ नयेत असं सांगितलं. त्याआधी २००२ साली ह्यूस्टनमध्येच मोझली यांनी १८० रुग्णांवर दुर्बिणीतून गुडघा धुण्याची शस्त्रक्रिया तपासली होती. काही जणांना फक्त चीर देऊन टाके घातले. सगळेच गट सारखंच बरं वाटल्याचं सांगत होते. हे सगळं वैद्यकीय विश्वात उघड आहे, तरी आपल्याकडे कापसाची पहिली रक्कम हातात पडली की त्यातला काही भाग गुडघ्याच्या 'ऑइल'वर जातो. ज्या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांमध्ये घेतलं गेलं, तिथे बिनकामाच्या सुईवरचा खर्च हा नुसता वैद्यकीय प्रश्न राहत नाही. बाजाराला आवाजाची भीती हवीहवीशी वाटते याचं कारणही सरळ आहे. आवाज सगळ्यांना असतो, त्यामुळे गिऱ्हाईक कधी संपत नाही.

न्हाव्याच्या दुकानात दाढीनंतर मान 'मोडून' घेण्याबद्दलही एक वाक्य. त्या कडाडण्याने क्षणभर मोकळं वाटतं, पण मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी झटक्याने फाटू शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर पक्षाघात होतो. कात्री चालवण्याचं कसब वेगळं आणि मान फिरवण्याचं वेगळं.

आता न वाजणाऱ्या कारणांकडे येऊ. पहिलं मजुरीतलं. सोयाबीन आणि कपाशीचं निंदण यवतमाळमध्ये मुख्यतः बाया करतात, उकिडवं बसून, सरकत सरकत, सकाळपासून दुपार टळेपर्यंत. कापूस वेचायचा तर कमरेत वाकून, पोटाला बांधलेल्या ओटीत बोंडांचा भार वाढत असताना. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, म्हणून थांबणं परवडत नाही. चीनमध्ये बीजिंगच्या वृद्धांची पाहणी झाली तेव्हा दिसलं की तरुणपणी जे दिवसातला बराच वेळ उकिडवे बसत त्यांच्यात गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण जास्त होतं. २००४ साली ती प्रसिद्ध झाली. त्या अभ्यासातले लोक शेतमजूर म्हणून निवडलेले नव्हते. निंदणाला जाणाऱ्या बाईच्या गुडघ्यांवर किती भार येतो याचा हिशेब कुणी मांडायचा म्हटला तर तो मजुरीच्या दरातच मांडावा लागेल. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढांना विचारलं तेव्हा १८.२ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं. महाराष्ट्राच्या एका खेड्यातला इतका नेटका आकडा दुर्मीळ आहे, आणि त्यात विदर्भ नाही हे लक्षात ठेवायला हवं. त्या पाहणीतही प्रश्न दुखण्याचे, सुजेचे आणि आखडण्याचे होते. मजूर बाई गुडघा वाजतो म्हणून दवाखान्यात येतच नाही. वाजण्याकडे लक्ष द्यायला फुरसत लागते. ती येते ते उकिडवं बसता येईनासं झाल्यावर, कारण तेव्हा मजुरी बुडते.

दुसरं कारण पाण्यात आहे, आणि मला सर्वांत जास्त बोलायचं ते त्याबद्दल. केळापूर तालुक्यातल्या पांढरकवडा परिसराच्या भूजलात फ्लोराइड किती आहे यावर २००७ साली 'करंट सायन्स'मध्ये भूजलशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड ठीक मानतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतं. या पट्ट्यातल्या काही विहिरी आणि बोअरवेल त्या मर्यादेच्या कितीतरी वर आहेत. कारण खडकात आहे. खोलवरचं पाणी फ्लोराइडयुक्त खनिजांच्या सान्निध्यात वर्षानुवर्षं साठून राहतं, आणि पाण्यात कॅल्शियम कमी व बायकार्बोनेट जास्त असेल तर फ्लोराइड सुटून त्यात उतरतं. १९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात खोल बोअर आणि हातपंप गावोगाव आले. पटकी आणि हगवणीपासून वाचवणारं म्हणून ते पाणी दिलं गेलं आणि त्या अर्थाने ते स्वच्छ होतंही. फ्लोराइडला मात्र रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात जरा जास्तच उरतं.

हे पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं घट्ट आणि जाड होत जातात, आणि सांध्याभोवतीच्या स्नायुबंधांत चुना साठतो. सुरुवातीला मुंग्या, ठणका, सकाळचा आखडलेपणा. मग मान वळेनाशी होते, मागे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. शेवटी पाठ वाकलेल्या स्थितीतच थिजते. भारतात अशा रुग्णांचं पहिलं वर्णन १९३७ सालचं, नेल्लोर भागातलं. लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की फ्लोरोसिस नावाच्या या आजारात सांधा वाजत नाही. तो हलेनासा होतो. वाजण्यासाठी हालचाल लागते आणि इथे हालचालच हिरावली जाते. जे कान आवाजाला सरावलेले आहेत त्यांना हा आजार ऐकूच येत नाही. आणि जेव्हा येतो तेव्हा त्याला 'वात' किंवा 'मणक्यातला गॅप' असं नाव मिळून जातं.

वास्तविक तो ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरता येतात का, हनुवटी छातीला टेकते का, हात बाजूला पसरून कोपरात दुमडून डोक्याच्या मागे नेता येतात का, या तीन हालचाली फ्लोरोसिसच्या प्राथमिक तपासणीत वापरल्या जातात. कुठलीही आशाताई त्या अंगणात करून घेऊ शकते. आणखी एक खूण शाळेत मिळते. ज्यांचे कायमचे दात तयार होत असताना पोटात हे पाणी गेलं, त्यांच्या दातांवर पिवळसर-तपकिरी आडवे पट्टे उमटतात. आजीचं आखडलेलं कंबरडं कशाने आखडलं हे कधीकधी नातवाच्या दातांवरून कळतं, घर आणि हातपंप एकच असल्यामुळे. पक्कं निदान करायचं तर कोपरापासून मनगटापर्यंतचा एक्स-रे पुरतो, तिथल्या दोन हाडांमधल्या पडद्यात साठलेला चुना स्पष्ट दिसतो. यवतमाळला १९८९ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण पांढरकवड्याहून ते सुमारे सत्तर किलोमीटर दूर, आणि त्या पलीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, आणखी लांब. एका एक्स-रेसाठी एक मजुरी आणि एसटीचं भाडं जातं. त्यापेक्षा जवळच्या दुकानातली वेदनाशामक गोळी स्वस्त पडते.

आणि नेमकी तीच गोळी इथे जास्त घात करते. डायक्लोफिनॅकसारखी औषधं महिनोन्‌महिने घेतली तर मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. शरीरातलं फ्लोराइड बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडांचंच असतं. ती मंदावली की तेच पाणी पिणाऱ्या माणसाच्या हाडांत आणखी फ्लोराइड साठतं. दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे पुढचं दुखणं. गिधाडांना मारतं म्हणून हे औषध गुरांसाठी २००६ साली बंद झालं. माणसांसाठी ते विनाचिठ्ठी सहज मिळतं.

तिसरं कारण रक्तातलं. विदर्भात सिकलसेल आजाराचं प्रमाण मोठं आहे, आणि यवतमाळच्या आदिवासी व इतर अनेक समाजांत तो आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. मांडीच्या हाडाच्या गोलाला रक्त मिळेनासं झालं की तो आतून मरतो आणि ढासळतो. विशी-पंचविशीतला पोरगा जांघेत दुखतं म्हणून लंगडायला लागतो आणि घरचे मालिश करून घेतात. २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, रक्ताची प्राथमिक तपासणीही साधी आहे. पण 'सांधे दुखतात' ही तक्रार घेऊन आलेल्या तरुणाला आधी ती तपासणी सांगावी, हे अजून सर्वत्र रुजलेलं नाही. आपण त्याचाही गुडघा वाकवून वाजतो का ते बघतो.

याचा अर्थ आवाज कधीच मनावर घेऊ नये असा नाही. कबड्डी खेळताना पाय मुरगळला, आतून 'फट्' असा आवाज आला आणि तासा-दोन तासांत गुडघा फुगला, तर आतला स्नायुबंध तुटला असण्याची दाट शक्यता असते, तिथे वेळ घालवू नये. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, तर कूर्चेची गादी फाटलेली असू शकते. ताप असून एकच सांधा लाल, गरम आणि हात लावू न देणारा असेल तर ती तातडीची गोष्ट, मग तो वाजो की न वाजो. सकाळी हाताची बोटं तासभर वळत नसतील तर ती आमवाताची सुरुवात असू शकते, आणि लवकर औषध मिळालं तर हात वाचतात. या सगळ्यांत निर्णायक काय आहे ते पाहा. सूज, अडकणं, ताप, आखडणं. आवाज असलाच तर सोबतीला.

तेव्हा दवाखान्यातला प्रश्न बदलावा असं माझं म्हणणं आहे. वाजतो का, याऐवजी उकिडवं बसून कुणाचा हात न धरता उठता येतं का? घागर घेऊन नदीचा उतार चढता येतो का? गेल्या वर्षी जमत होतं ते यंदा जमत नाही असं काय आहे? पाणी कुठल्या हातपंपाचं? घरातल्या लेकरांचे दात कसे आहेत? ही विचारपूस पाच मिनिटांची आहे, पण ओपीडीत पाच मिनिटं मिळत नाहीत असं सांगितलं जाईल, आणि त्यात तथ्यही आहे. म्हणूनच ही विचारपूस एकट्या दवाखान्यावर सोडायची नाही. २०१९ पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायची पेटी द्यायची आणि ती वापरायचं शिक्षण द्यायचं असं ठरलेलं आहे. त्या पेटीत फ्लोराइडची चाचणीही असते. नमुन्यात औषधाचे थेंब घालायचे आणि रंगपट्टीशी ताडून बघायचं. ज्या दिवशी त्या बाया हातपंपाचं पाणी तपासतील, त्याच दिवशी आशाताईंनी त्याच हातपंपावर पाणी भरणाऱ्यांकडून त्या तीन हालचाली करून घ्याव्यात. पाण्याचा आकडा आणि अंगठे न धरता येणाऱ्यांची नावं एकाच वहीत, शेजारी शेजारी लिहावीत. ग्रामसभेत ती वही वाचली गेली तर कुठला पंप बंद करायचा आणि कुणाला आधी एक्स-रेला यवतमाळला पाठवायचं, हे ठरवायला गावाला तज्ज्ञाची वाट बघावी लागणार नाही. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड उतरवण्याची नलगोंडा पद्धत सत्तरच्या दशकातच शोधलेली आहे. ती नीट चालवायला रोजचा गाळ काढावा लागतो आणि तुरटीचं प्रमाण नेमकं ठेवावं लागतं, म्हणून ती अनेक ठिकाणी बंद पडली. त्यासाठी एका माणसाला महिन्याचा पगार द्यावा लागेल, आणि तो द्यायचा की नाही हे ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात ठरेल.